मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाक्यांतील चुका : कारणे व दुरुस्ती

प्रस्तावना :
महाराष्ट्रात २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तरीही जालना जिल्ह्यातील भोकरदन, मंठा, घनसावंगी यांसारख्या तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी पदवीवर्गात इंग्रजी बोलण्यास अनेकदा कचरतो. चूक म्हणजे अज्ञान, अशी समजूत त्यामागे असते. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडल्याप्रमाणे, चुका या शिकण्याच्या प्रक्रियेच्या निदर्शक असतात. प्रस्तुत लेखात अशा काही चुकांचे मूळ मराठीच्या रचनेत शोधले आहे.

चुकांचे विश्लेषण :
'आय ॲम लिव्हिंग इन जालना सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य वारंवार आढळते. 'मी पाच वर्षांपासून जालन्यात राहत आहे' या शुद्ध मराठी वाक्याचे ते शब्दशः रूप होय. 'पासून' हे शब्दयोगी अव्यय प्रारंभ व कालावधी या दोहोंसाठी चालते. इंग्रजीत मात्र प्रारंभासाठी 'सिन्स', तर कालावधीसाठी 'फॉर' येते. शिवाय येथे मराठीत वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत पुरत नाही. म्हणून 'आय हॅव बीन लिव्हिंग इन जालना फॉर फाइव्ह इयर्स' हे योग्य. जालना शहरात बोलल्या जाणाऱ्या हिंदी-उर्दूतील 'पाँच साल से' ही रचनाही हीच सवय दृढ करते.

'जालन्याला पोहोचलो' यातील 'ला' प्रत्ययामुळे 'रीच्ड टू जालना' आणि 'प्रश्नाविषयी चर्चा' यावरून 'डिस्कस अबाउट' तयार होते. इंग्रजीत ही क्रियापदे थेट कर्म घेतात. 'मी काल आलो आहे' यावरून 'आय हॅव कम यस्टरडे' येते. 'यस्टरडे' असल्यास 'आय केम' हवे. 'परीक्षा देणे' यावरून विद्यार्थी 'गिव्ह' वापरतो. प्रमाण इंग्रजीत विद्यार्थ्यासाठी 'टेक' रूढ आहे. तथापि प्रत्येक भारतीय प्रयोग अशुद्ध नव्हे. 'प्रीपोन' शब्दकोशांनीही स्वीकारला आहे.

उपाययोजना :
मराठी व इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी लिहून फरक विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा. एका तासिकेत एकाच प्रकारची चूक घ्यावी. उत्तरपत्रिकेतील प्रत्येक चुकीवर लाल रेघ ओढण्याऐवजी वारंवार होणारी चूक निवडून तिचे कारण लिहावे.

समारोप :
चुकीचे कारण कळले की भीती ओसरते. व्याकरण नंतर दुरुस्त करता येते; गप्प बसलेल्या विद्यार्थ्याचे वाक्य मात्र दुरुस्तीसाठी हाती लागतच नाही.