शैक्षणिक कर्ज फेडलं, तरी नोटीस आली? ‘पगार जप्त करू’ या धमकीला घाबरण्याआधी हे वाचा

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने २०१२ साली बेळगावातल्या शाखेतून शैक्षणिक कर्ज काढलं. शिक्षण कोल्हापुरात झालं, नोकरी पुण्यात लागली. हप्ते फेडून २०१९ मध्ये विषय संपला, असं घरच्यांनी धरलं. आणि आता गावी बाबांच्या नावाने वकिलाचं पत्र येतं: थकबाकी ८२ हजार, १५ दिवसांत भरा, नाहीतर मुलाचा पगार जप्त करू.

घरात कुणाला झोप नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, पाच-दहा हजार भरून टाका, कटकट मिटेल.’

नेमकी इथेच चूक होते. पत्र फाडून टाकणं जितकं धोक्याचं, तितकंच हिशेब न बघता पैसे भरणंही धोक्याचं.

पगार कोण जप्त करू शकतं?

बँक, वसुली एजंट किंवा वकील यांच्या नुसत्या पत्रावर कंपनी तुमचा पगार कापू शकत नाही. त्यासाठी बँकेला आधी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, तुम्हाला समन्स यावं लागतं, हुकूमनामा व्हावा लागतो. त्यानंतर अंमलबजावणीच्या टप्प्यात कोर्ट मालकाला पगार कापण्याचा आदेश देऊ शकतं. कर्ज २० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं.

कोर्टाच्या आदेशालाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. म्हणजे पगार ३१ हजार असेल, तर जास्तीत जास्त १० हजार कापता येतात. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी कपात एकूण २४ महिनेच चालते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. नोकरी दुसऱ्या राज्यात आहे म्हणून कोर्टाचा आदेश पोहोचणार नाही, या भ्रमात राहू नका. आणि पगार त्याच बँकेतल्या खात्यात जमा होत असेल, तर थकबाकीपोटी खात्यातली रक्कम वळती करण्याचा हक्क बँका वापरतात. म्हणून लेखी हरकत लगेच नोंदवायची.

पतसंस्थेचं कर्ज घेताना किंवा जामीन राहताना ‘पगारातून कपात करा’ असं संमतीपत्र दिलं असेल, तर तिथले नियम वेगळे आहेत. तो कागद आधी शोधा.

चुकीची थकबाकी येते कुठून?

पहिलं कारण व्याज अनुदान. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. शिक्षण चालू असतानाच्या काळातलं व्याज त्यात सरकार भरतं. अनुदान खात्याला जमा झालंच नाही किंवा उशिरा झालं, तर तेवढं व्याज थकबाकी म्हणून चढत जातं.

दुसरं कारण बँकांचं विलीनीकरण. २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद आणि म्हैसूर स्टेट बँकेत गेल्या. २०१९ मध्ये विजया आणि देना बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, तर कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत गेल्या. बेळगाव, हैदराबाद, बडोदा इथल्या कितीतरी मराठी घरांची कर्जं याच बँकांत होती. अशा वेळी आयएफएससी कोड बदलतात, कधी खाते क्रमांकही बदलतो. जुन्या क्रमांकावर भरलेला हप्ता नव्या उताऱ्यात दिसतो का, हे बघायला हवं.

तिसरं कारण आपल्याच बाजूचं. हप्ते संपले म्हणजे खातं बंद झालं, असं नसतं. शेवटच्या दिवसापर्यंतचं थोडं व्याज राहिलं आणि ‘येणे बाकी नाही’ हा दाखला घेतला नाही, तर खातं चालूच राहतं. तेव्हा मागणीतला थोडा भाग खराही असू शकतो.

मग करायचं काय?

१. पत्राला लेखी उत्तर द्या. ‘ही थकबाकी मला मान्य नाही’ असं स्पष्ट लिहा. पहिल्या वितरणापासून आजपर्यंतचा पूर्ण खातेउतारा, व्याजाचा दर आणि अनुदानाच्या जमा नोंदी मागा. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल, तर त्याच्या कागदाची प्रत मागा. पत्र शाखेला आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा आणि पोच जपून ठेवा.

२. आपल्या बाजूचे कागद गोळा करा. जुनी पासबुकं, हप्ता कापल्याच्या नोंदी, कर्जमंजुरीचं पत्र, उत्पन्नाचा दाखला. बाबा सहकर्जदार असतील तर त्यांच्या खात्याचा उताराही घ्या.

३. हिशेब हातात येईपर्यंत पैसे भरू नका, कशावरही सही करू नका. पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. ती संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली, तर ती मुदत पुन्हा नव्याने सुरू होऊ शकते. मुदत संपल्यावरही ‘भरतो’ असं सही करून लिहून दिलं, तर तो नवा करार धरला जाऊ शकतो.

४. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

५. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

६. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कर्ज बेळगावचं असलं तरी पुण्यात तक्रार चालते.

एजंटचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आला, तर तो नियमभंग आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तक्रारीत घाला.

कोर्टाचा कागद आला तर

आधी तो कागद कशाचा आहे ते बघा. दाव्याआधीच्या लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तिथे तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, मान्य नसेल तर नाही म्हणता येतं. पण एकदा सही केली, की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो आणि त्यावर अपील नाही. सीमाभागात हे कागद बऱ्याचदा कन्नडमध्ये असतात. माहितीतल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही नको.

खरं समन्स असेल, तर तारखेला हजर राहाच. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग पगाराची जप्ती नुसती धमकी राहत नाही. समन्स मिळालंच नव्हतं, तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आणि ज्यांचं कर्ज नुकतंच फिटलंय, त्यांनी याच आठवड्यात शाखेत जाऊन ‘येणे बाकी नाही’ हा दाखला घ्यावा. त्याची एक प्रत गावी बाबांकडेही ठेवा, कारण नोटीस पहिली त्यांच्याच दारात येते.