जुना व्रण आणि पुढील प्रसूती

१९१६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी, एकदा सिझेरियन झालेल्या स्त्रीची पुढील प्रसूतीही शस्त्रक्रियेनेच होते, असे मत मांडले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत असत. कळांच्या वेळी जोराने आकुंचन पावणारा भाग तोच, म्हणून व्रण फाटण्याची भीती मोठी. पुढे ग्लासगोचे मनरो कर यांनी खालच्या, पातळ भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. त्याचा व्रण कळांच्या वेळी शेकडा एकीहूनही कमी स्त्रियांत फाटतो. मात्र पोटावरील व्रणावरून आतला छेद ओळखता येत नाही. जुने टिपण हरवले, की डॉक्टर अडतो.

पूर्वी नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रीस यशाची आशा सर्वांत अधिक. मूल पायाळू म्हणून शस्त्रक्रिया झाली असल्यास ते कारण पुन्हा उद्भवेलच असे नाही.

तथापि सर्व काही शरीरावर अवलंबून नसते. अमेरिकेत १९९६ साली अशा स्त्रियांपैकी शेकडा २८ नैसर्गिक मार्गाने प्रसूत झाल्या. १९९९ साली तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने, अशा वेळी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तत्काळ उपलब्ध असावा, असे सांगितले. २००६ पर्यंत प्रमाण शेकडा दहाच्या खाली आले. स्त्रियांची शरीरे बदलली नव्हती. रात्रंदिवस भूलतज्ज्ञ ठेवणे न परवडणाऱ्या अनेक रुग्णालयांनी ही वाटच बंद केली होती.