माप घेणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न

इब्री हे ओमानच्या अद् दाहिरा प्रांतातलं मोठं गाव, सौदी अरेबियाकडे जाणाऱ्या वाटेवरचं. तिथल्या बाळाचा आणि आपल्या अंगणवाडीतल्या बाळाचा एक संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या वाढीचे नवे आलेख प्रसिद्ध केले. सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मापांवरून ते तयार झाले. त्यांत मस्कतची मुलं होती आणि दक्षिण दिल्लीचीही. पुढे गर्भातल्या वाढीसाठी 'इंटरग्रोथ-२१' हा प्रकल्प आठ शहरांत झाला, तेव्हा मस्कतच्या जोडीला नागपूर होतं.

या अभ्यासांनी घरं मुद्दाम चांगल्या स्थितीतली निवडली होती. मूल कसं वाढायला हवं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यामुळे घरात कुणी कुणावर हात उगारतं का, हा त्यांचा विषयच नव्हता. पण वर्षानुवर्षं त्याच कुटुंबाकडे परत जाणं आणि तीच मापं पुन्हा घेणं ही पद्धत ज्यांनी फार लांबवर नेली, त्यांच्यासमोर हा प्रश्न आज ना उद्या उभा राहिलाच.

न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. सुरुवातीला हेतू साधा होता: वाढ, आजार, बोलणं, शाळा. परदेशी गेलेल्यांना आजही विमानाचं तिकीट देऊन तपासणीला बोलावतात. पंचेचाळिसाव्या वर्षीच्या फेरीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के जण आले. पिढ्यान्पिढ्या एका गावात राहणाऱ्या भावकीलाही इतकी हजेरी जमत नाही!

ही मुलं एकवीस वर्षांची झाली तेव्हा टेरी मॉफिट आणि अवशलोम कास्पी या संशोधकांनी त्यांना जोडीदाराबद्दल विचारलं. ढकललं का, थापड मारली का, वस्तू फेकून मारली का, अशी एकेक कृती घेऊन. मुलींनीही हात उचलल्याचं बरंच कबूल केलं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. पण या अभ्यासाचं खरं मोल दुसरीकडे आहे. उत्तर देणाऱ्याच्या तिसऱ्या वर्षापासूनच्या नोंदी त्याच कपाटात होत्या. बालपणीची वागणूक, आईवडिलांमधली भांडणं, घरची शिस्त, सगळं आधीच लिहिलेलं. 'तुझं लहानपण कसं होतं?' हे मोठेपणी विचारायची गरज नव्हती.

आणि तसं विचारून फारसं हाती लागतही नाही. २०१९ मध्ये सोळा अभ्यास एकत्र करून एक पडताळणी झाली. लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती, त्यांतल्या ५२ टक्के जणांनी मोठेपणी तो सांगितलाच नाही. उलटंही घडलं: मोठेपणी छळ सांगणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांची बालपणी नोंदच नव्हती. यावरून कुणी खोटं बोलतं असं म्हणणं घाईचं ठरेल. त्या वेळची नोंद आणि नंतरची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संशोधकाला दोन्ही लागतात.

भारतात आकडे आहेत, पण बहुतेक एका भेटीचे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार खाल्ला होता आणि घरात मारणारे बहुतांशी आईवडीलच होते. त्या मुलांचं पुढे काय झालं, हे अहवाल सांगू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचंही तसंच. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारातल्या एकीने नवऱ्याचा छळ सांगितला. पण पुढच्या फेरीत घरं वेगळी आणि बायकाही वेगळ्या.

याला एक अपवाद आहे आणि त्याचा एक भाग महाराष्ट्रात घडला. याच सर्वेक्षणाच्या १९९८-९९ च्या फेरीत भेटलेल्या ग्रामीण स्त्रियांकडे २००२-०३ मध्ये पुन्हा जायचं ठरलं: बिहार, झारखंड, तामिळनाडू आणि महाराष्ट्र. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात होती. दोन भेटींची माहिती जोडून मायकेल कोनिग आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की वारंवार मार खाणाऱ्या आईचं बाळ जन्माच्या आसपास किंवा पहिल्या महिन्यातच दगावण्याचा धोका जास्त असतो. महिना उलटल्यावर तो फरक तसा दिसत नाही. म्हणजे 'भांड्याला भांडं लागायचंच' म्हणून जे सोडून दिलं जातं, त्याचा हिशेब बालमृत्यूच्या खात्यात निघतो.

अशा अभ्यासाची अडचण मात्र मुळातच आहे. परत गेल्यावर जी स्त्री घरी सापडत नाही, ती कोण असते? ऊसतोडीला गेलेली असेल, शहरात गेलेली असेल, किंवा नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. जिला सर्वाधिक सोसावं लागलं, तीच यादीतून गळण्याची शक्यता मोठी. डुनेडिनसारखं तिकीट इथे कोण काढणार? मावळातला मुलगा इब्रीला नोकरीला गेला, की अभ्यासाच्या दृष्टीने तो हरवलाच.

दुसरी अडचण दारातच उभी असते: सासू. म्हणून राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच विचारतात. फोनवर तर एकांताची खात्रीच नाही. टाळेबंदीत 'यंग लाइव्ह्ज' या अभ्यासाने पेरूमध्ये वेगळी युक्ती काढली. हा अभ्यास २००२ पासून चार देशांत चालतो आणि त्यांत आपले आंध्र व तेलंगणाही आहेत. निम्म्या तरुणांना काही साधी विधानं वाचून दाखवायची आणि 'यांतली किती खरी, तेवढा आकडा सांगा' म्हणायचं. उरलेल्यांच्या यादीत घरातल्या वाढलेल्या मारहाणीचं एक विधान जास्त. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे उत्तर: ८.३ टक्के. कुणी सांगितलं ते संशोधकालाही कळत नाही आणि शेजारी बसलेल्याला फक्त 'तीन' किंवा 'चार' एवढंच ऐकू येतं.

पण नाव न कळण्याची ही सोय मुलांच्या बाबतीत उलटू शकते. मदत पोचवायची तर कुणाला? आणि समोरासमोर सांगितलं, तर गुपित राखायचं कसं? भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ओमानमध्ये २०१४ च्या बालकायद्याने डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक यांच्यावर छळाची माहिती देण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे 'तुमचं नाव कुठे जाणार नाही' असं वचन अभ्यासकाला सरसकट देता येत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलं तर काही घरं गप्प होतील. न सांगता विचारणं मात्र फसवणूक ठरेल.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये केईएम रुग्णालयातून सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तो मधुमेहाचं मूळ शोधण्यासाठी होता. त्या वेळी जन्मलेली मुलं सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी तपासली गेली; आता त्यांची बाळंही वजनकाट्यावर येतात. तीन पिढ्यांची ओळख ही कोणत्याही प्रश्नावलीला विकत घेता न येणारी गोष्ट आहे. तिच्या आधारावर अशा गावांत घरातल्या मारहाणीचा प्रश्न विचारायचा झाला, तर आधी वेगळी खोली लागेल, ऐकून घेणारी प्रशिक्षित बाई लागेल आणि होकार आल्यावर उत्तर देणाऱ्या स्त्रीला पाठवायचं ठिकाण लागेल. मुंबईत महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र उभं केलं, ते अशाच कामासाठी. गावाजवळ असं केंद्र नसेल, तर प्रश्नावली छापायची घाई करू नये.