समुपदेशकाचा स्वभाव आणि त्याचें काम

वैद्य तापट असला तरी त्याच्या काढ्याचा गुण जात नाहीं. शिंपी अबोल असला म्हणून अंगरखा आखूड होत नाहीं. पुष्कळशा धंद्यांत माणूस वेगळा आणि त्याचें साधन वेगळें असतें. साधन चांगलें असलें कीं माणसाच्या स्वभावाकडे गिऱ्हाईक काणाडोळा करतें. समुपदेशकाची गोष्ट निराळी आहे. मनाच्या अडचणींत सांपडलेल्या माणसाशीं बोलून, त्याची वाट त्याला शोधतां यावी म्हणून साह्य करणें हें त्याचें काम. त्याच्यापाशीं काढा नाहीं आणि कात्रीही नाहीं. कान, वाणी आणि मन एवढींच त्याचीं हत्यारें. तेव्हां त्या मनाची घडण कशी आहे हा प्रश्न त्याच्या बाबतींत खाजगी राहत नाहीं. तो त्याच्या कामाचाच प्रश्न होतो.

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना ही गोष्ट एका आईनें शिकविली. रोचेस्टर शहरांत मुलांविषयीं मार्गदर्शन करणाऱ्या एका संस्थेंत ते १९२८ पासून बारा वर्षें काम करीत होते. तेथें एका अतिशय व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येऊं लागली. बाई हुशार होत्या. मुलाला लहानपणीं आईनें मनापासून जवळ केलें नाहीं हेंच दुखण्याचें मूळ, असा रॉजर्स यांचा निष्कर्ष होता, आणि तो बाईंच्या गळीं उतरविण्याचा त्यांनीं अनेक भेटींत सौम्यपणें यत्न केला. बाईंना तें पटेना. अखेर रॉजर्स यांनीं कबूल केलें कीं, दोघांनींही प्रयत्न केला, यश आलें नाहीं, आतां थांबावें हें बरें. बाईही तयार झाल्या. निरोप घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, आणि तेथून वळून त्यांनीं विचारलें, येथें मोठ्या माणसांनाही सल्ला देतात काय? होय असें उत्तर मिळतांच त्या पुन्हा त्याच खुर्चींत येऊन बसल्या आणि पतीशीं बिनसलेल्या संसाराचें दुःख, आपलें अपयश, मनांतला गोंधळ, सारें भडाभडा बोलूं लागल्या. त्यानंतरच्या भेटींचा उपयोग त्यांना झाला आणि त्यांच्या मुलालाही झाला.

या प्रसंगांत अडचण कोठें होती? रॉजर्स यांचें ज्ञान तोकडें नव्हतें. कदाचित् त्यांचें निदानही चुकलेलें नसेल. आड येत होती ती त्यांची भूमिका. दुखणें कोणतें हें आपल्याला कळलें आहे, आतां तें समोरच्याला पटवून द्यावयाचें तेवढें उरलें आहे, अशी ती भूमिका होती. परीक्षकापुढें विद्यार्थी बसावा तशा त्या बाई त्यांच्यापुढें बसत होत्या. परीक्षा संपली असें ठरलें तेव्हांच त्यांना तोंड फुटलें.

पुढें १९५७ सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधांत रॉजर्स यांनीं समुपदेशकाच्या ठिकाणीं अवश्य असे तीन गुण सांगितले. पहिला सचोटी, म्हणजे आंत एक आणि बाहेर एक असें नसणें. समुपदेशक मनांतून कंटाळला असून उत्सुकतेचा मुखवटा घालून बसला, तर दुःखी माणसाला तें चटकन् कळतें. दुसरा गुण बिनशर्त आदर. सल्लार्थी, म्हणजे सल्ल्यासाठीं आलेला माणूस, अमुक रीतीनें वागला तरच तो चांगला, अशी अट मनांत न ठेवणें हा तो गुण होय. प्रत्येक कृत्याला मान डोलवावी असा याचा अर्थ नव्हे. कृत्य नापसंत असलें तरी माणूस टाकाऊ मानूं नये, एवढाच अर्थ. तिसरा गुण समानुभूति. कीव आणि समानुभूति यांत अंतर आहे. कीव करणारा काठावरून हळहळतो. समानुभूति असलेला पाण्यांत उतरतो, पण आपले पाय तळाला टेकलेले ठेवतो. तेही सुटले तर बुडणारे दोन होतात.

याचा अर्थ सर्व चांगले समुपदेशक एकाच मुशींतून निघतात असा मात्र नाहीं. एकाच स्त्रीशीं रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि आल्बर्ट एलिस हे तीन नामवंत एकामागून एक बोलले, आणि त्या मुलाखतींचा बोलपट १९६५ सालीं पुढें आला. स्त्री तीच, तिच्या विवंचना त्याच. पण तीन खोल्यांत तीन निराळ्या गोष्टी घडल्या. रॉजर्स धीरानें ऐकत राहिले. पर्ल्स यांनीं, भीति वाटते असें ती हंसत हंसत कां सांगते, येथेंच तिला पकडलें आणि राग येईपर्यंत डिवचलें. एलिस यांनीं तिच्या विचारांतील विसंगति भराभर दाखविली.

या तीन पद्धतींच्या मुळाशीं तीन स्वभाव होते. एलिस यांचेंच पाहा. तरुणपणीं ते इतके लाजाळू होते कीं स्त्रियांशीं बोलण्याचा त्यांना धीर होत नसे. एकोणिसाव्या वर्षीं त्यांनीं नेम केला कीं, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांतील वनस्पति-उद्यानांत बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली कीं तिच्याशीं बोलावयाचेंच. महिन्याभरांत शंभर जणींशीं बोलणें झालें. भेटीचें वचन एकीनेंच दिलें, आणि तीही आली नाहीं! पण नकारानें आकाश कोसळत नाहीं हें त्यांना कळलें आणि भीति ओसरली. विचार तपासा, कृति करा, हा जो उपाय त्यांनीं पुढें जगाला सांगितला, तो आधीं स्वतःवर करून पाहिलेला होता. म्हणून एखाद्या शांत प्रकृतीच्या समुपदेशकानें एलिस यांचा झपाटा उसना घेतला, तर तो दुसऱ्याच्या मापाच्या अंगरख्यासारखा दिसतो.

येथवर गुणांचा विचार झाला. पण गुणांबरोबर ग्रहही खोलींत शिरतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही दृष्टि शिकल्यासवरल्यानें नाहींशी होत नाहीं. मुलीनें दिल्या घरीं राहावें, असें ज्या समुपदेशकाला अंतर्यामीं वाटतें, त्याच्यापुढें एखादी सून सासरच्या छळाची हकीकत सांगूं लागली, तर तो तिला एका शब्दानेंही दटावणार नाहीं. पण प्रश्न विचारतांना तो सासूच्या स्वभावाची चौकशी करील, आणि मारहाणीच्या खुणांविषयीं विचारावयाचें राहून जाईल. बाई घरीं परत जाईल. त्यानें सल्ला दिला नाहीं असें त्याला वाटेल. वस्तुतः त्याच्या न विचारलेल्या प्रश्नानेंच तो दिलेला असतो. सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९१० सालींच बजावून ठेवलें होतें कीं, उपचार करणाऱ्याच्या स्वतःच्या मनांतील गुंते त्याला जेथवर जाऊं देतात, त्यापलीकडे तो दुसऱ्याला नेऊं शकत नाहीं.

या कामाला मोठी विद्वत्ता लागते कीं माणुसकी, या वादावर लंडनमध्यें आपोआप प्रकाश पडला. चॅड व्हारा नांवाच्या तरुण धर्मोपदेशकावर १९३५ सालीं एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधि करण्याचा प्रसंग आला. मासिक पाळी सुरू झाल्यावर आपल्याला कांहीं लाजिरवाणा रोग जडला, अशा समजुतीनें तिनें जीव दिला होता. एवढी साधी गोष्ट विश्वासानें विचारावी असें कोणी तिला नव्हतें. ही खंत मनांत बाळगून व्हारा यांनीं २ नोव्हेंबर १९५३ रोजीं आपल्या चर्चमध्यें निराश माणसांसाठीं दूरध्वनि सुरू केला. लोक भेटावयासही येऊं लागले. त्यांची पाळी येईपर्यंत कांहीं स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि जवळ बसून त्यांचें ऐकत. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या ध्यानांत आलें कीं, चहा घेऊन मन मोकळें केल्यावर अनेकांना त्यांना भेटण्याची गरजच उरत नाहीं. १९५४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं ऐकण्याचें काम स्वयंसेवकांच्या हवालीं केलें. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. स्वतः धर्मोपदेशक असूनही, आलेल्या माणसाला धर्मोपदेश करावयाचा नाहीं, हा दंडक त्यांनीं घालून दिला.

मात्र निव्वळ प्रेमळपणानें सारें भागतें असेंही नाहीं. रॉजर्स यांनीं सांगितलेले गुण आवश्यक आहेत याविषयीं फारसा वाद नाहीं. ते पुरेसे आहेत काय, याविषयीं मात्र आहे. गंभीर मनोविकारांत वैद्याचें औषध लागतें, आणि तें कोणत्या वेळीं लागतें हें ओळखण्यास शिक्षण लागतें. तथापि १९९१ सालीं कॅनडांतील दोन संशोधकांनीं पूर्वींचे २४ अभ्यास एकत्र पारखले, तेव्हां समुपदेशक आणि सल्लार्थी यांचा सूर जुळणें व अखेरचें फळ चांगलें येणें यांचा बेताचा पण स्पष्ट संबंध दिसून आला. सूर जुळावयाचा तर आधीं आपला तंबोरा लावून घ्यावा लागतो. यासाठींच चांगले समुपदेशक आपलें काम अनुभवी सहकाऱ्यापुढें नियमानें मांडतात: कोणत्या माणसाचा राग आला, कोणाविषयीं जरा अधिक माया वाटली, कोठें ऐकतां ऐकतां लक्ष उडालें.

भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला कीं, अनेक भारतीय भाषांत ऐकून घेणारा माणूस तारेच्या दुसऱ्या टोंकाला मिळावा अशी ती योजना आहे. यंत्र आवाज पोंचवितें. ऐकावें लागतें तें माणसालाच. तो माणूस सर्वज्ञ असावा अशी कोणाची अपेक्षा नाहीं. आपलें चुकूं शकतें एवढें त्याला ठाऊक असलें पाहिजे. रोचेस्टरच्या त्या बाई दारापासून माघारीं वळल्या, त्या आंतल्या माणसानें आपली हार प्रांजळपणें कबूल केल्यानंतरच.