उजनीच्या होडीत पाहुण्यांचीही कामं

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरलं. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला होडीतून नेतात. होडी नावाडी चालवतो, पण ती सांभाळण्यात पाहुण्यांचाही वाटा असतो.

काठावरच लाईफ जॅकेट घालून पट्टे आवळा. एकेकाने, होडीच्या मधोमध पाय टाकून चढा. नावाडी सांगेल तिथेच बसा, म्हणजे दोन्ही बाजूंना वजन सारखं राहतं. फोटोसाठी सगळे एकाच बाजूला झुकले, तर होडी कलंडते. थवा जवळ आला की इंजिन बंद करून होडी बांबूने रेटत नेतात. तेव्हा बोलणं थांबवा. पुढे बसलेल्याने पाण्यात जाळं दिसताच हाताने खूण करावी. ते पंख्यात गुंतलं तर इंजिन अडतं.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्याच पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. म्हणून वारं सुटल्यावर नावाडी ‘परत फिरू’ म्हणाला, तर हुज्जत घालू नका. तो रोज याच पाण्यावर असतो. त्याचा शब्द अखेरचा माना.