दगडाची कळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण इंदूरकर मंडळी उरलेल्या पुरणपोळ्या खाऊन सुस्तावलेली असतो, तेव्हा पांढुर्ण्यास जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसे दगड हाती घेऊन उभी असतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवलेले आणि त्यावर झेंडा. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडीत असता तिच्या गावकऱ्यांनी दगडांचा वर्षाव केला, अशी आख्यायिका आहे. तीच ही गोटमार. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. सरकारने मध्यंतरी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक पुन्हा दगडांकडेच वळले.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, याच गावी दिलेली. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला; तिचा मुलगा त्यातल्या सौंसरला नोकरी करतो आणि रात्री संगणकावर खेळ तयार करतो. गेल्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा त्याने गोटमारीचाच खेळ मांडला होता. पडद्यावर नदी, पळस, झेंडा, आणि खाली एक बटण : ‘दगड’. आम्ही जुनी माणसे त्याला कळ म्हणतो.

“मामा, या एका बटणावर माझे पंधरा दिवस गेले,” तो म्हणाला. मला हसू आले. पण त्याने समजावून सांगितले तेव्हा हसू ओसरले. तो ‘गोडो’ नावाचे साधन वापरतो. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते रचले आणि २०१४ साली सर्वांसाठी मोफत खुले केले. त्यात एकाच बटणाला अनेक रूपे देता येतात : नुसते असलेले, माउसचा बाण वर आलेले, दाबलेले, बंद ठेवलेले. बाण वर येताच बटण किंचित फुगावे म्हणून त्याने बेत केला, तर ते डाव्या वरच्या कोपऱ्यातून वाकडेच वाढू लागले. वाढीचा बिंदू मध्यभागी आणून ठेवला तेव्हा कुठे ते सरळ फुलले. दाबल्यावर उत्तर किती लवकर यावे, याचाही हिशेब आहे. याकोब निल्सन या तज्ज्ञाने १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात सांगून ठेवले आहे, की सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. भाच्याचे बटण तसेच चपळ होते. बाण येताच सोनेरी उजळे, दाबताच ‘टण्ण’ वाजे. मोबाइलवर घेतले तर हातात थरारही येई.

आक्काचे दीर त्या दिवशी घरीच होते. तरुणपणी गोटमारीतच त्यांचा उजवा डोळा गेला. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. भाच्याने हौसेने मोबाइल त्यांच्या हाती दिला. “काका, बघा ना.” त्यांनी चारपाच वेळा कळ दाबली. टण्ण, टण्ण. समोरच्या काठावरचा एक माणूस पडला आणि गुण वाढले. काकांनी मोबाइल पाटावर ठेवला आणि एवढेच म्हणाले, “दगड इतका हलका नसतो रे.”

पोरगा त्या रात्री जेवला नाही. आक्का माझ्यावरच रागावली, “तू तरी त्याला काही सांगायचं होतंस!” मी काय सांगणार? पण सकाळी त्यानेच मला उठवले. सोनेरी रंग त्याने काढून टाकला होता. आवाज नाही, थरार नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकण्याआधी ते कुठे घुटमळते आहे हे यंत्राला कळत नाही. म्हणजे माउसच्या बाणाने मिळणारी ती क्षणभराची उसंत तिथे नाहीच. ती त्याने दुसरीकडून आणली. बोट टेकले की बटण हळूहळू काळवंडत खाली दबते आणि पलीकडच्या काठावर ज्याला दगड लागणार त्याचा चेहरा मोठा दिसू लागतो. दगड सुटतो तो बोट उचलल्यावर. बोट न उचलता बटणाबाहेर सरकवले तर दगड सुटत नाही, नदीत पडतो आणि पाण्यावर एक वलय उमटते. “ही सोय बटणात मुळातच असते, मामा. दाबून बाहेर सरकलं की ते रद्द होतं. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.”

दुपारी काकांनी पुन्हा मोबाइल घेतला. बोट टेकवले. समोरचा चेहरा मोठा झाला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग बोट अलगद बाजूला नेले. पाण्यात वलय उठले. पुन्हा तसेच, आणि पुन्हा. एकही दगड त्यांनी मारला नाही. “आमच्या वेळी एवढा वेळ कोणी दिला नाही,” असे म्हणून ते उठले आणि अंगणात संत्री निवडायला बसले.

या खेळाने गोटमार थांबेल अशी भाबडी आशा मला नाही. शेकडो वर्षांची चाल एका कळीने मोडत नसते. तरी येत्या पोळ्याला दोन्ही काठांवरच्या पोरांना तो दाखवायचा, असे भाच्याने ठरवले आहे. आक्काने मलाही बोलावले आहे. मी जाणार आहे.