मरायला पाठवतं कोण?

२९ नोव्हेंबर १८०३. अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रानात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. भोसल्यांच्या पदरचं परदेशी मुसलमान पायदळ ७४ आणि ७८ क्रमांकाच्या गोऱ्या पलटणींवर तुटून पडलं आणि तिथंच कापलं गेलं. वेलस्लीनं त्यांना इराणी समजलं, इतरांनी अरब म्हटलं. १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत, तो आपल्या माणसांसह लढत मेला. गडावर जोहाराचाही प्रयत्न झाला.

एक मुसलमान, दुसरा हिंदू. धनी मात्र एकच, रघूजी भोसले. पलीकडेही तसंच चित्र होतं. इंग्रजांसोबत निजामाची फौज होती आणि मद्रासकडचे हिंदू शिपाईही. या लढाईला धर्मयुद्ध म्हणता येत नाही आणि आजच्या अर्थाचं राष्ट्र तेव्हा घडायचं होतं. श्रद्धेनं मरणाची भीती कमी केली असेल. पण पाय रोवून ठेवले ते खाल्ल्या मिठानं, कुळाच्या अब्रूनं आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यानं, असं मला वाटतं.

मरणाला असे सामोरे गेले, तरी हे वीर आत्मघाती हल्लेखोर नव्हेत. जिंकले असते तर ते जगले असते. आत्मघाती हल्ल्यात माणसाचं मरण हेच हत्यार असतं. दुसऱ्या महायुद्धात, २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, फिलिपाइन्समधल्या लेते बेटाजवळच्या समुद्रात जपानी वैमानिकांनी ठरवून आपली विमानं अमेरिकी जहाजांवर आदळली. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे ३,८०० वैमानिक गेले. सरकारनं शिंतो श्रद्धा आणि सम्राटनिष्ठा एकत्र गुंफली होती. पण अनेक वैमानिक विद्यापीठांतून भरती केलेले विद्यार्थी होते. त्यांतल्या उएहारा र्‍योजीनं मे १९४५ मध्ये, अखेरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, हुकूमशाही राष्ट्रांचा पराभव अटळ आहे असं लिहून ठेवलं आणि सकाळी तो निघाला. ज्या राजवटीवर विश्वास उरला नव्हता, तिच्याच हुकमावर तो मेला.

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ मधले ३१५ आत्मघाती हल्ले तपासले. सर्वाधिक, ७६, श्रीलंकेतल्या तमिळ वाघांचे निघाले, आणि ही संघटना धार्मिक नव्हती. परकी फौज आपल्या भूमीतून हटवणं हा बहुतेक मोहिमांचा हेतू होता, असं पेप सांगतात. या निष्कर्षावर वाद आहेत. पण धर्म हे एकमेव कारण नाही, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून मरणाऱ्याचा देव कोणता, हे विचारून थांबू नये. त्याची श्रद्धा, देशप्रेम, मैत्री कुणी हाताशी धरली आणि पाठवणारा स्वतः कुठे उभा होता, हेही विचारावं. हौतात्म्याच्या गौरवात हा हिशेब बुडू देणं म्हणजे पुढच्या पोरांना त्याच वाटेवर ढकलणं.